कानाची जात

जर्मन भाषा कानाला कशी लागते, असं कुणालाही विचारा. ज्याला जर्मनचा एक शब्द येत नाही तोसुद्धा छातीठोक सांगेल : कडक, खरखरीत, भांडल्यासारखी, हुकूम सोडल्यासारखी. फ्रेंच गोड, इटालियन गाणारी, अन् जर्मन म्हणजे बुटांची भाषा. हा निकाल जगभर लागलेला आहे, आणि आरोपीला न ऐकता लागलेला आहे. असे न ऐकता दिलेले निकाल आपल्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या पाठीवर वाहिले. तेव्हा जर्मनीशी आपलं घेणंदेणं काय, असं म्हणू नका मित्रांनो. हा खटला आपल्या ओळखीचा आहे.

वरवर हा प्रश्न भाषेच्या मास्तरांचा वाटतो. माझ्या लेखी तो नीतीचा आहे. आवाज ऐकून माणसाची किंमत करायचा हक्क कानाला दिला कुणी?

आधी आवाजच तपासू. जर्मनमध्ये घशातून घासून येणारा ख आहे. रात्रीला ते ‘नाख्ट’ म्हणतात. शब्दाच्या शेवटी ड आला तर त्याचा ट होतो. कुत्रा लिहितात ‘हुंड’ आणि म्हणतात ‘हुंट’. शरद ऋतूला ‘हेर्ब्स्ट’. एका स्वराच्या मागं चार व्यंजनं दाटीवाटीनं उभी, चाळीतल्या एका खोलीत चार बिऱ्हाडं राहावीत तशी. हे सगळं खरं. पण तोच घशातला ख स्पॅनिशमध्ये आहे, तिला कुणी बुटांची भाषा म्हणत नाही. अरबीत आहे, फारसीत आहे. आणि उर्दू शायरानं ‘ख्वाब’ म्हणताना तोच घसा घासला तर लोक वाहवा करतात. मग दोष घशाचा कसा?

यिडिश घ्या. ही भाषा मध्ययुगात जर्मन बोलींतूनच वाढली. पुढं पूर्व युरोपातल्या गरीब ज्यूंच्या तोंडात ती नांदली, हिब्रू आणि स्लाव शब्द पोटात घेऊन. खरखर तीच. पण तिला कुणी हुकमाची भाषा म्हटलं नाही, तिला लोक हसले. तिचं नावच ‘जारगॉन’ पाडलं, म्हंजे मोडकीतोडकी बडबड. शिकले-सवरलेले जर्मन ज्यूसुद्धा तिची लाज धरत. १९१२ च्या फेब्रुवारीत काफ्कानं प्रागमध्ये जर्मन बोलणाऱ्या ज्यूंपुढं या भाषेवर भाषण केलं आणि तुम्हाला हिची भीती वाटते, हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. ख एकच. फौज बाळगणाऱ्याच्या तोंडात गेला तर दरारा, गाठोडं उचलून गाव सोडणाऱ्याच्या तोंडात गेला तर थट्टा. म्हणजे कान तो ख ऐकतच नव्हता. तो कुणाच्या तोंडात आहे, ते ऐकत होता.

आता इतिहास बघा. स्लाव लोकांनी जर्मनाला नावच मुक्याचं दिलं. रशियनमध्ये जर्मन माणूस म्हणजे ‘न्येमेत्स’, आणि ‘न्येमोय’ म्हणजे मुका. तू आमची भाषा बोलत नाहीस, सबब तुला वाचाच नाही. ग्रीकांनी परक्याला ‘बार्बारोस’ म्हटलं, बरबर करणारा. आपल्याकडचा ‘म्लेंच्छ’ त्याच टाकसाळीतला. पतंजलीच्या महाभाष्यात गोष्ट आहे, की असुरांनी र च्या जागी ल उच्चारला आणि ते हरले. म्हणून ब्राह्मणानं म्लेंच्छासारखं बोलू नये. बघा, असुर शस्त्रानं हरले नाहीत, उच्चारानं हरले! आणि आज आपल्या पोराचा ण चा न झाला, की तो मुलाखतीच्या खोलीत पाय ठेवताच हरतो. टाकसाळ अजून चालू आहे.

इ. स. ३६३ साली रोमन बादशहा ज्युलियन यानं ऱ्हाईन नदीपलीकडच्या रानटी लोकांच्या गाण्याला कर्कश पक्ष्यांच्या ओरडण्याची उपमा दिली. १७५० साली व्हॉल्टेअर प्रशियाच्या दरबारी राहायला गेला आणि तिथून पत्रात लिहिलं, की इथं सगळे आपलीच भाषा बोलतात, जर्मन आहे ती शिपायांसाठी आणि घोड्यांसाठी. च्यायला, राजा जर्मन, रयत जर्मन, आणि दरबाराची भाषा फ्रेंच! त्याच राजानं, दुसऱ्या फ्रेडरिकनं, १७८० साली जर्मन साहित्यावर पुस्तक काढलं, तेही फ्रेंचमध्ये. त्यात स्वतःच्या रयतेची भाषा अर्धरानटी ठरवली. वर उपाय सुचवला, की क्रियापदांच्या शेवटी ‘आ’ जोडा; ‘गेबेन’ आहे त्याचं ‘गेबेना’ करा, म्हणजे कानाला गोड लागेल. हा राजा आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. ‘आशय जोरकस आहे, भाषा तेवढी जरा सोज्वळ करा’ असं आपल्या कवींना सांगणारे संपादक त्याच्याच गादीवर बसतात.

पण एक ध्यानात घ्या. त्या काळात जर्मन ही हुकमाची भाषा नव्हतीच. ती गावंढळ होती, तबेल्यातली होती. दरबारी रुबाब फ्रेंचला होता. मग १८१३ साली मादाम द स्ताल हिचं जर्मनीवरचं पुस्तक आलं आणि जर्मनी म्हणजे कवींचा, विचारवंतांचा मुलूख, असं युरोपला वाटू लागलं. १८८० साली मार्क ट्वेननं जर्मन भाषेची यथेच्छ टिंगल केली, तिच्या व्याकरणाची लक्तरं वेशीला टांगली. पण आवाजाबद्दल तो काय म्हणाला? लढाई, स्फोट, गडगडाट यांचे जर्मन शब्द इंग्रजीपुढं फार मवाळ, त्यांत दमच नाही! आज हे ऐकून कुणीही चमकेल. भाषा तीच, घसा तोच. आधी तबेला, मग कवीची खोली, मग मवाळपणा. ऐकणाऱ्याची खुर्ची हलली की आवाज बदलला.

मग तोफा आल्या. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या गव्हर्नरनं फर्मान काढलं, की शाळेत, आगगाडीत, टेलिफोनवर, चारचौघांत इंग्रजीखेरीज भाषा बोलायची नाही. नेब्रास्कात १९१९ साली लहान मुलांना परकी भाषा शिकवायलाच कायद्यानं बंदी झाली. दहा वर्षांच्या पोराला जर्मन वाचायला शिकवताना एक मास्तर सापडले, त्यांना २५ डॉलर दंड झाला. ‘मायर विरुद्ध नेब्रास्का’ हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, तेव्हा कुठं १९२३ साली तो कायदा मोडीत निघाला.

१९३३ नंतर रेडिओतून, बातमीपटांतून हिटलरची किंकाळी जगाच्या कानात गेली. १९४० साली चॅप्लिननं ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये खोटं खोटं जर्मन बोलून तिची नक्कल केली. त्यात अर्थ थोडका, बाकी नुसता ठसका आणि गुरगुर. चॅप्लिनचा बाण हुकूमशहावर होता. पण पुढं युद्धाच्या सिनेमांनी तीच गुरगुर घोटून घोटून अख्ख्या भाषेला चिकटवली. आज जर्मन म्हटल्यावर ज्याच्या पोटात गोळा येतो, त्यानं जर्मन आईला पोराला झोपवताना ऐकलेलं नसतं. त्यानं सिनेमातला अधिकारी ऐकलेला असतो.

२०२३ साली काही संशोधकांनी २२८ भाषांतले बोलण्याचे तुकडे ८२० माणसांना ऐकवले. ऐकणाऱ्यांत इंग्रजी बोलणारे होते, चिनी बोलणारे होते, अरबी-हिब्रूच्या कुळातल्या भाषा बोलणारे होते. कोणती भाषा किती गोड, ते सांगा म्हटलं. भाषाभाषांत म्हणण्यासारखा फरकच निघाला नाही. बोलणाऱ्याच्या गळ्याचा फरक पडला, आणि जी भाषा ओळखीची वाटली ती जरा जास्त आवडली. बस्स. पाटी काढून घेतली की कान गोंधळतो. गावात नवा माणूस आला की आधी आडनाव विचारतात आणि मग पाणी द्यायचं का ते ठरवतात. कानाचंही तसंच. आधी भाषेचं आडनाव, मग गोडी.

आता खरी गोम. ४ जून १९४२ रोजी हिटलर फिनलंडला गेला, मार्शल मानरहाइमच्या ७५ व्या वाढदिवसाला. तिथल्या रेडिओच्या माणसानं त्यांचं खाजगी बोलणं गुपचूप ध्वनिमुद्रित केलं, अकराएक मिनिटं. त्यात हिटलर ओरडत नाही. खालच्या पट्टीत, संथपणे, जेवायला आलेल्या पाहुण्यासारखा बोलतो. हे साल गॅसच्या खोल्या चालू असतानाचं. १९४३ च्या ऑक्टोबरात हिमलरनं पोझनला आपल्या अधिकाऱ्यांपुढं ज्यूंच्या कत्तलीबद्दल भाषण केलं, त्याचंही ध्वनिमुद्रण आहे. हे सगळं करून आपण सभ्य राहिलो, असं तो सांगतो. सभ्य! आणि कागदोपत्री ‘मारा’ हा शब्द सहसा सापडायचा नाही. तिथं ‘विशेष वागणूक’ आहे, ‘स्थलांतर’ आहे, ‘अखेरचा तोडगा’ आहे. सगळे शब्द इस्त्री केलेले.

म्हणून माझं म्हणणं असं, की आवाजाच्या कडकपणावरून क्रौर्य ओळखता येत नाही. आपल्याला हे शिकायला जर्मनीला जायची गरज नव्हती. ‘अहो, आम्ही तसलं काही मानत नाही हो.’ ‘जागा द्यायचीच होती, पण कालच गेली बघा.’ ‘पाणी हवंय का बाळा? थांब हं, मी वरून ओतते.’ साखर पेरलेलं मराठी. कुठं खरखर नाही, शिवी नाही. आणि माणूस मात्र उंबऱ्याबाहेर. उलट आम्ही साचेखात्यातले लोक गळा फोडून बोलतो, कारण साच्यांच्या खडखडाटात हळू बोललेलं शेजारच्याला पोचत नाही. सुट्टी झाल्यावरही तो आवाज खाली येत नाही. बसमध्ये लोक वळून बघतात, ही माणसं भांडतायत का काय. आम्ही आज डब्यात काय होतं ते सांगत असतो.

याच्या पुढचा प्रश्न अवघड आहे. ज्या भाषेतून आपल्याला मारलं, तिचा आवाज सोसायचा कसा? ज्याच्या कानात छावणी आहे, त्याला ‘तुझा कान कलुषित आहे’ असं म्हणायचा मला अधिकार नाही. इटलीचा प्रिमो लेव्ही, पेशानं केमिस्ट, १९४४ साली आउश्वित्झला नेला गेला. १९८६ च्या पुस्तकात तो लिहितो, की जर्मन हुकूम न कळल्यामुळं कित्येक इटालियन पहिल्या काही दिवसांतच मेले. माउटहाउजेनच्या छावणीत तर रबरी दंडुक्यालाच ‘दुभाषा’ म्हणत, कारण त्याचं बोलणं सगळ्यांना कळायचं. असा माणूस जर्मन ऐकून दचकला तर त्याला कोण नाव ठेवील? पण तोच लेव्ही निवाडा करतो : छावणीतलं किंचाळलेलं, शिव्यांनी भरलेलं जर्मन वेगळं, आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकांतलं, हाइनेच्या कवितेतलं जर्मन वेगळं. मार खाल्लेला माणूस तोलून बोलतो, आणि आरामखुर्चीतला माणूस सिनेमा बघून निकाल देतो.

पॉल सेलान हा ज्यू कवी १९२० साली चेर्नोवित्सला जन्मला. जर्मन ही त्याला आईनं दिलेली भाषा. आईबाप छावणीत गेले ते परत आले नाहीत. त्याला रुमानियन येत होतं, फ्रेंच येत होतं, राहायला तो पॅरिसला होता. तरी १९७० साली मरेपर्यंत तो जर्मनमध्येच कविता लिहीत राहिला. मारेकऱ्यांची म्हणून ती भाषा टाकली असती, तर आईचीही टाकली गेली असती. हाना आरेंटलाही जर्मनीतून पळावं लागलं होतं. १९६४ सालच्या मुलाखतीत ती म्हणाली, की वेड लागलं ते काही जर्मन भाषेला नाही. भाषेला फाशी देऊन मारेकरी सुटतात, हे या दोघांना ठाऊक होतं. मराठीतून आपल्याला हिणवलं, म्हणून मराठी हिणवणाऱ्यांच्या बापाची होत नाही. ती जात्यावरच्या आपल्या आयांचीही आहे.

आणि बाबासाहेब बघा. अस्पृश्य म्हणून शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतायला सांगितलंय. कानावर पहारा बसवायची अक्कल आपल्याकडं अशी जुनी. तेच बाबासाहेब १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवतात, आणि त्यासाठी स्वतःच्या हातानं जर्मनमध्ये अर्ज लिहितात. देवाची म्हणवणाऱ्या भाषेनं दार लावलं, आणि व्हॉल्टेअरनं जिला घोड्यांची म्हटलं तिनं दार उघडलं. पवित्र आवाजाच्या गोष्टी आता आपल्याला कुणी सांगू नयेत.

शेवटी आपल्या घरातलं. आपल्या अभ्यासवर्गात खेड्यातली एखादी पोरगी बोलायला उभी राहते. ‘म्या’ म्हणते, ‘व्हतं’ म्हणते, आणि मागच्या रांगेत हसू फुटतं. हसणारे कोण? आपलेच, चार बुकं शिकलेले. भटक्या जमातीतला कार्यकर्ता बोलायला लागला की ‘ह्याचं काय कळत नाय’ म्हणून माइक दुसऱ्याकडं जातो. कळत नाही म्हणजे मुका, हे गणित मग आपण निळ्या झेंड्याखाली चालवतो. तेव्हा फ्रेडरिकची गादी आपल्या बुडाखाली असते.

जात डोक्यात असते, असं आपण भाषणात म्हणतो. ती कानातही असते, आणि कानाला पापणी नसते. म्हणून एखादी भाषा कशी वाजते हे बोलण्याआधी बोलणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघावं. दंडुका आहे, कुलूप आहे, का रिकामी थाळी आहे? ओरडणाऱ्यांत थाळीवाले पुष्कळ निघतील. गोड बोलणाऱ्यांत कुलूपवाले पुष्कळ निघतील. आपली भाषा गोड आहे हो, असं कुणाच्या दारात जाऊन सिद्ध करायची आपल्याला गरज नाही. ऐकायला त्यांनी शिकावं. आणि आपणही.