विश्रांति आणि खाडा

लांबच्या सायकलप्रवासाला निघालेला मनुष्य सहा-सात दिवसांनीं एक दिवस मुक्काम करितो, आणि त्या दिवसाला विश्रांतीचा दिवस म्हणतो. परंतु त्या दिवसाची हकीकत विचारली, तर तींत विश्रांति फारशी सांपडत नाहीं. सकाळीं कपडे धुवावयाचे, मग सायकल दुकानीं न्यावयाची. साखळीला तेल द्यावयाचें, चाकाची आऊट काढून घ्यावयाची, ब्रेकचीं झिजलेलीं रबरें बदलावयाचीं, फाटलेली पिशवी शिंप्याकडे टाकावयाची, पुढच्या वाटेची शिदोरी घ्यावयाची. संध्याकाळीं तो म्हणतो, सबंध दिवस फुकट गेला. तो खरोखर फुकट गेला काय, आणि विश्रांति म्हणजे तरी काय, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

विश्रांति म्हणजे कांहीं न करणें, ही समजूत आम्हां नोकरपेशा लोकांत रूढ आहे. शेतकऱ्याची समजूत निराळी आहे. वऱ्हाडांत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं बैलांची खांदशेकणी होते. जूं वाहून ज्या खांद्याला घट्टे पडले, तो ऊन पाण्यानें शेकून त्याला हळद व तूप चोळतात आणि उद्यांच्या जेवणाचें आवतण बैलाला देतात. पोळ्याला बैल जुंपीत नाहींत. पण त्याला विश्रांति मिळावी म्हणून मालक पहाटेपासून राबत असतो. बैल धुणें, वेसण-कासरा बदलणें, शिंगें रंगविणें, झूल घालणें, पुरणपोळीचा घांस भरविणें, यांत दिवस जातो. तो फुकट गेला असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. ज्यानें आपला भार वर्षभर वाहिला त्याचें थोडें देणें आज फेडावयाचें, हा त्या दिवसाचा अर्थ आहे.

सायकलस्वाराच्या मुक्कामाचाहि अर्थ हाच. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चांत प्रदक्षिणा पुरी करून परत आले. साडेचार वर्षांचा असा पल्ला केवळ दौडीच्या दिवसांवर गांठतां येत नाहीं. जें आपणांला वाहून नेतें त्याची निगा राखणें हा प्रवासाचाच भाग आहे.

परंतु या दिवसाला दुसरी बाजू आहे, आणि ती अधिक अवघड आहे. अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें नेर परसोपंत हें तालुक्याचें गांव अशा मुक्कामाला सोयीचें आहे. तेथें कोणी सायकलस्वार थांबला, तर त्याच्या विश्रांतीसाठीं मिस्त्री, शिंपी, खाणावळींत पोळ्या लाटणारी बाई, अशीं किती माणसें कामाला लागतात! गांवाबाहेर कपाशीचीं शेतें आहेत. कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर मिळते. वेचणाऱ्या बाईनें पाठ धरली म्हणून एक दिवस अंग टेकलें, तर त्या दिवसाला कोणी विश्रांति म्हणत नाहीं. त्याला खाडा म्हणतात. शरीर तेंच, थकवा कदाचित् अधिकच. पण एकाचें बसणें हा आरोग्याचा नियम ठरतो आणि दुसरीचें बसणें ही मजुरींतील तूट ठरते. ज्या विश्रांतींत दुसऱ्याला वांटा नाहीं, ती निर्दोष म्हणावी काय?

हा प्रश्न नवा नाहीं. यहुद्यांच्या धर्मशास्त्रानें सातवा दिवस एकट्या मालकाला दिलेला नाहीं. दास, दासी, बैल, गाढव आणि गांवांत उतरलेला परका, या सर्वांना तो दिला आहे. आमच्या कोंकणांतील बेने इस्रायल लोक तेलाचा धंदा करीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली असें नांव पडलें. घाणा बंद म्हणजे घाण्याचा बैलहि मोकळा. मुंबईच्या गिरणीकामगाराला मात्र हा मोकळा दिवस झगडून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं कामगारांची संघटना उभारली, आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. आमच्या घरीं रविवार आपोआप येतो. त्यांच्या घरीं तो मागून आणावा लागला.

कोणी म्हणेल, मिस्त्रीला विश्रांति नको, गिऱ्हाईक हवें. काम न देणें ही कांहीं दया नव्हे, हें खरें. परंतु गरजेपोटीं तो सुट्टी घेत नाहीं, आणि सुट्टी त्याला नकोच आहे, या दोन गोष्टी एक नव्हेत. पुण्यास पालख्यांचा मुक्काम असतो तेव्हां कित्येक कारागीर वारकऱ्यांच्या वहाणा शिवून देतात, दाढ्या करून देतात, आणि पैसा घेत नाहींत. काम रोजचेंच, पण तो दिवस त्यांनीं आपण होऊन दिलेला असतो. जो दिवस आपला असतो, तोच देतां येतो.

मग प्रवाशानें काय करावें? एका मुक्कामांत तो मजुरीचे दर बदलूं शकत नाहीं. घासाघीस न करितां मोल द्यावें, एवढें त्याच्या हातीं आहे. मात्र त्याची कसोटी निराळी आहे. नेमक्या त्याच दिवशीं मिस्त्रीचें दुकान बंद निघालें, तो मुलांना घेऊन बहिणीच्या गांवीं गेला आहे असें कळलें, आणि प्रवासाचा एक दिवस वाढला, तर प्रवाशाच्या मनांत काय येतें? चीड आली, तर आपली विश्रांति त्याला हक्क वाटते आणि दुसऱ्याची गैरसोय.

ही कसोटी प्रवाशापुरती नाहीं. धुणें-भांडीं करणारी बाई एक दिवस आली नाहीं, तर आमच्या घरांतहि खाडा हाच शब्द निघतो, आणि तो पुष्कळदां रविवारीं, आम्ही स्वतः विश्रांति घेत असतां. तिला महिन्याचे चार दिवस ठरवून द्यावे व त्यांचे पैसे कापूं नयेत. मग तिच्या न येण्यालाहि, आमच्याप्रमाणेंच, सुट्टी म्हणतां येईल.