भाषेचा मुलुख आणि घराची किंमत

एखाद्या भाषिक समाजाचा आपल्या गावातल्या घरांवर काही नैतिक हक्क असतो का, हा प्रश्न वेल्सच्या वायव्य भागात निव्वळ तत्त्वचिंतनाचा राहिलेला नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार लोक आहेत. ग्विनेद काउंटीत मात्र हे प्रमाण ६४.४ टक्के आहे. दुकानात, शेतावर, फुटबॉलच्या मैदानावर सहज वेल्श ऐकू येते अशी गावे मुख्यतः या पट्ट्यातच उरली आहेत. समुद्र आणि डोंगर दोन्ही इथेच असल्याने सुट्टीपुरते घर घेणाऱ्यांचा पैसाही इथेच येतो आणि त्यापुढे स्थानिक पगार टिकत नाहीत.

१९६५ साली लिव्हरपूलच्या पाण्यासाठी कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव चॅपेल आणि शाळेसकट धरणाखाली गेले. पुढच्याच वर्षी स्वान्सीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जे. आर. जोन्स यांचे ‘प्रिदेइन्दोद’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जोन्स जन्माने पुल्हेलीचे, म्हणजे आज घरांचा प्रश्न सर्वांत तीव्र असलेल्या ल्लीन द्वीपकल्पातले. भाषा आणि भूमी शतकानुशतके एकमेकींत मुरत जातात आणि त्यातूनच लोकसमूह घडतो, अशी त्यांची मांडणी होती. ती मान्य केली तर घर ही केवळ विक्रीची वस्तू उरत नाही. धरणाने गाव एकदम जाते, बाजाराने एकेका घरागणिक जाते, एवढाच फरक.

यावरचा आक्षेप सरळ आहे: मालकाने आपले घर कोणाला विकावे हे समाजाने का ठरवावे? तो हलका नाही, कारण चढ्या भावाने विकणारा बहुतेकदा स्थानिक, वेल्श बोलणाराच असतो. आईवडिलांच्या पश्चात घर भावंडांत वाटायचे असेल, तर जास्त बोली लावणाऱ्याला नकार देणे कोणाला परवडेल? मात्र खासगी मालमत्तेचे समर्थन करणाऱ्या जॉन लॉकनेही एक अट घातली होती. एकाने घेतल्यावर इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे. मोजकीच घरे आणि नव्या बांधकामावर कडक नियंत्रण असलेल्या किनाऱ्यावरच्या गावात ही अट पाळली जात नाही.

स्थानिक गृहसाहाय्य नेमके इथे हात घालते. बांधकामाला परवानगी देताना नियोजन खाते विकासकाशी करार करते. ठरावीक घरे बाजारभावापेक्षा कमी दराने, मर्यादित उत्पन्नाच्या आणि त्या भागाशी नाते असलेल्या लोकांनाच मिळतील, अशी त्यात अट असते. अट माणसाला नव्हे, घराला चिकटलेली असते. पहिला मालक विकायला निघाला तर पुढच्या खरेदीदारालाही ती लागू होते. त्यामुळे सवलत एका कुटुंबाच्या नफ्यात विरत नाही. शिवाय सुट्टीपुरत्या दुसऱ्या घरांवर वाढीव घरपट्टी लावण्याची मुभा स्थानिक परिषदांना २०१७ पासून आहे. २०२३ मध्ये तिची मर्यादा १०० वरून ३०० टक्के झाली. ग्विनेदने १५० टक्के वाढ लावली आणि त्या उत्पन्नातून परवडणाऱ्या घरांच्या आराखड्यालाही पैसा दिला. याउलट, १९७९ पासून दशकभराहून अधिक काळ सुट्टीची घरे जाळण्याचे जे सत्र चालले, त्यातून एकाही तरुण जोडप्याला छप्पर मिळाले नव्हते.

या योजनांत सहसा भाषेची परीक्षा घेतली जात नाही. अट स्थानिक संबंधाची असते, वेल्श येण्याची नव्हे, आणि ते योग्यच आहे. भाषा येते का हे पाहून घराची किल्ली देणे म्हणजे गावातच जन्मलेल्या इंग्रजीभाषक शेजाऱ्याला परके ठरवणे. भाषेला मिळणारा आधार अप्रत्यक्ष असतो. वेल्श बोलणारे दोघे एकमेकांशी संसार थाटून गावातच राहिले, तर बहुतेकदा मुलांकडे भाषा जाते. एकालाच येत असेल तर ती शक्यता बरीच घटते. पूर्वी भाषा टिकवण्याचा भार चॅपेल आणि रविवारच्या शाळेनेही उचलला होता. १५८८ च्या वेल्श बायबलपासून धर्म आणि साक्षरता हातात हात घालून चालली. आता चॅपेलेही विकली जातात आणि काहींची राहती घरे होतात.

उरते ती गावची शाळा. ल्लीनच्या किनाऱ्यावरील अबरसोखमध्ये दुसऱ्या घरांचे प्रमाण मोठे आहे. तिथली वेल्श माध्यमाची शाळा पटावर दहाहूनही कमी मुले उरल्याने २०२१ च्या डिसेंबरात बंद झाली. शाळा गेली की नवे कुटुंब त्या गावाचा विचारच करत नाही, आणि बाहेरून राहायला आलेल्यांची मुले वेल्श शिकण्याची वाटही बंद होते.

घरे स्वस्त झाली म्हणून भाषा आपोआप टिकेल, असे मात्र नाही. शिक्षणासाठी कार्डिफ किंवा मँचेस्टरला गेलेले तरुण नोकरीअभावी परतत नाहीत, तेव्हा सवलतीचे घरही त्यांच्या उपयोगाचे नसते. २०५० पर्यंत दहा लाख वेल्शभाषक घडवण्याचे सरकारी उद्दिष्ट शहरांतल्या शाळांवरही बरेच विसंबून आहे. वेल्शभाषक समाजांसाठी नेमलेल्या आयोगाने म्हणूनच ऑगस्ट २०२४ च्या अहवालात वेगळी शिफारस केली: वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण जास्त असलेले प्रदेश अधिकृतपणे निश्चित करावेत आणि तिथली धोरणे भाषेचा विचार करून आखावीत.