मागणाऱ्याची चिंता

परहितासाठी पैसा उभा करणाऱ्या माणसाची चिंता स्वार्थी माणसाच्या चिंतेहून वेगळी असते. स्वतःची गरज त्याला कमी करता येते. इतरांच्या भुकेत काटछाट करण्याचा अधिकार त्याला नसतो. म्हणूनच हेतू जितका उदात्त, तितका मनावरील ताण अधिक; आणि त्या ताणातच एक नैतिक धोका दडलेला असतो.

पानिपतचा इतिहास रणसंग्रामाचा म्हणून वाचला जातो; तो एका पोशिंद्याच्या विवंचनेचाही आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंसोबत केवळ सैन्य नव्हते. बायकामुले, बुणगे आणि यात्रेकरूही होते. दिल्ली हाती आल्यावर खर्चासाठी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडावी लागली. गोविंदपंत बुंदेल्यांकडे द्रव्य आणि रसद यांसाठी तगादे जात राहिले. डिसेंबरात पंतच मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी उपासमारीने गांजलेली फौज लढाईस बाहेर पडली.

ती वसुली होती, दान नव्हे, हे खरे. परंतु या दोहोंमधील सीमारेषा वाटते तितकी ठळक नसते. एखाद्या सेवाकार्याच्या निधीसाठी मोठा समारंभ योजणाऱ्याची अवस्था आठवावी. तिथी ठरलेली, मंडप उभा राहिलेला, आणि जमा मात्र अपुरी. अशा वेळी विनंतीचा स्वर नकळत तगाद्याचा होतो. वरिष्ठाने पुढे केलेले पावतीपुस्तक कनिष्ठाला परत करता येत नाही. कार्य पवित्र आहे, एवढ्यावर साधनाची चौकशी थांबते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, महिला विद्यापीठासाठी युरोप, अमेरिका आणि आफ्रिका पालथी घातली. परक्या मुलखात त्यांच्यापाशी सत्ता नव्हती. कार्य समजावून सांगणे एवढेच हाती होते. नकाराची शक्यता प्रत्येक दारात उभी होती.

नकाराची ही शक्यता हेच मागणाऱ्याच्या चिंतेचे मूळ होय. पण तीच देणाऱ्याच्या स्वातंत्र्याची खूण आहे. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याच होकाराला दान म्हणावे. तेव्हा ही चिंता समूळ नष्ट करू पाहणे म्हणजे दुसऱ्याचा नकार हिरावून घेणे. ती हलकी करण्याचा न्याय्य मार्ग एकच: भार पत्करतानाच त्याचे माप घेणे आणि तो अनेकांत वाटणे.

पानिपतानंतर पळून आलेल्या मराठ्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने आसरा आणि अन्नवस्त्र दिले. युद्धापूर्वीच तो भाऊंपासून दूर झाला होता. देण्याचे कोणतेही बंधन त्याच्यावर उरले नव्हते. ज्या मदतीसाठी कोणताही तगादा गेला नव्हता, तीच त्या उद्ध्वस्त माणसांपर्यंत पोहोचली.