हवेवरचा आळ

'मलेरिया' हा शब्द आपण इंग्रजी समजून वापरतो, पण तो मुळात इटालियन. 'माला' म्हणजे वाईट, 'आरिया' म्हणजे हवा. रोमभोवतीच्या दलदलींवरून उन्हाळ्यात जी कुबट हवा सुटते तिनेच थंडीताप येतो, अशी तिथल्या लोकांची शतकानुशतकांची समजूत. ती अगदीच खुळी नव्हती; दलदल सोडून टेकडीवर राहायला गेलेली माणसं पुष्कळदा खरोखरच वाचत. फक्त गुन्हेगार हवा नव्हती, डास होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला आणि हवा निर्दोष सुटली. नावातला आळ मात्र तसाच राहिला.

देवळाली कॅम्पच्या वाट्यालाही असंच काहीसं आलं. मुंबईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथे हवापालटाला येतात. लॅम रोडवरची सॅनिटोरियमं इथल्या कोरड्या, हलक्या हवेच्याच भरवशावर उभी राहिली. आणि या गावाच्या नावाचा इंग्रजीत अर्थ काय? वेडसर!

ब्रिटिशांनी १८६१ मध्ये इथे छावणी उभारली. मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे थांबत. बोटी साधारण हिवाळ्यातच सुटत. ज्याची मुदत चैत्रात संपली, तो दिवाळी उलटेपर्यंत अडकला. हाताला काम नाही, डोक्यावर ऊन, सोबतीला दारू आणि हिवताप. काहींची डोकी फिरली. त्याला सोल्जर 'डूलाली टॅप' म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला घरचाच ताप! पुढे ताप उतरला, नुसतं 'डूलाली' उरलं. इंग्रजी शब्दकोशांत ते आजही आहे. खरं तर हा डोक्याला ताप बोटींच्या वेळापत्रकाने दिलेला. बदनाम झालं गाव.

म्हणून आपल्या 'हिवताप' या शब्दाचं मला फार कौतुक वाटतं. आधी हिव भरतं, मग ताप चढतो. अंगाला जे जाणवलं तेवढंच त्यात सांगितलं आहे. ना हवेला दोष, ना गावाला. रॉस यांच्या शोधानंतरही त्यात काही खोटं ठरलं नाही.