परभूमीचे व्रत आणि पांथस्थ

पाठीवर एक पिशवी, भाड्याची स्कूटर आणि गाठीला मोजका पैका एवढ्या सामग्रीवर बाली बेट पालथे घालणाऱ्या पांथस्थांविषयी मला मनापासून आदर वाटतो. कारण सिदेमेनच्या भातखाचरांमधून आमेडच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याकडे जाताना, किंवा बेदुगुलचा घाट चढून मुंडुकमार्गे लोविनाकडे उतरताना त्यांना जे बेट भेटते, ते मोटारीच्या बंद काचेआडून पाहणाऱ्यास भेटत नाही. चौकाचौकांत आणि दुकानांच्या उंबऱ्यांशी नारळीच्या पानांच्या परडीत फुले घालून ठेवलेली नित्याची पूजा, 'चनांग सारी', चुकवीतच त्यांना चाक वळवावे लागते. दर 210 दिवसांनी येणाऱ्या तुंपेक लांडेप या पर्वणीला, पूर्वी जेथे खड्ग-कट्यारींचे पूजन होई, तेथे आता स्कूटरींनाही माळा पडतात, आणि खंडेनवमीला वाहनांची पूजा करणाऱ्या मराठी माणसाला ते दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. वाहनाला असे पूज्य मानणारा हा समाज वर्षातून एक दिवस मात्र बेटावरचे प्रत्येक चाक थांबवितो, आणि ज्याचे सारे सुख फिरण्यात सामावले आहे त्या पांथस्थापुढे त्या दिवशी धर्मविचारातला एक खरा प्रश्न उभा राहतो: ज्या व्रताचा संकल्प मी केला नाही, ते व्रत माझ्यावर बंधनकारक कसे?

तो दिवस न्येपीचा. बाली लोकांचा हा नववर्षारंभ आपल्या गुढीपाडव्याप्रमाणे शकगणनेचाच आहे. 2023 साली तर दोन्ही सण 22 मार्च या एकाच दिवशी आले आणि दोहोंकडे शके 1945 सुरू झाले, जरी अधिकमासाच्या हिशेबातील भेदामुळे एखाद्या वर्षी त्यांत महिन्याचे अंतर पडते. आदल्या सायंकाळी चव्हाट्यावर भूतगणांना बळी देतात, 'ओगो-ओगो' नावाच्या राक्षसी प्रतिमा वाद्यांच्या गजरात मिरवितात. आणि सकाळी सहा वाजल्यापासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सहापर्यंत चार निषेधांचा अंमल बसतो: अग्नी वा दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पडणे नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद राहतो, गिलिमानुकच्या धक्क्यावरून जावाकडे नाव सुटत नाही, 2018 पासून मोबाइलवरील इंटरनेटही बंद ठेवण्यात येऊ लागले आहे, आणि रस्त्यांवर केवळ पेचलांग, म्हणजे गावांचे पारंपरिक रखवालदार, फिरतात. आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याची मुभा असते. स्कूटरवरून समुद्र पाहायला जाण्याची नसते.

संकल्पावाचून व्रत नाही, ही आपली जुनी धारणा सुज्ञपणाचीच आहे, कारण ज्याला अन्नच मिळाले नाही त्याच्या उपाशी राहण्याला आपण एकादशी म्हणत नाही. मात्र या धारणेत व्रत करणारा नेहमी एकटा माणूस असतो, असे आपण न कळत धरून चालतो, आणि माझ्या मते चूक तेथेच होते. मालवण तालुक्यातील आचरे गावी काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते, तेव्हा तीन दिवस नि तीन रात्री सारा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर झोपड्यांत जाऊन राहतो. त्यात प्रत्येकाच्या मनातील श्रद्धेची मोजदाद कोणी करीत नाही, कारण नेम धरलेला असतो गावाने. न्येपीचेही तसेच आहे. चव्हाट्यावर जागविलेल्या भूतांना बेट निर्जन वाटावे आणि त्यांनी निघून जावे, अशी लोकांची समजूत आहे. ती खरी की खोटी हा वाद बाजूस ठेवला तरी, बेट निर्जन भासविण्याचे काम एकट्याच्या निष्ठेने होणारे नाही आणि एका दिव्याने मोडणारे आहे, हे कोणालाही पटेल. भाविक बाली माणूस त्या दिवशी उपोषण करतो, मौन पाळतो. पण पाहुण्याकडून यांपैकी काहीच मागितले जात नाही. भूमीने धरलेल्या नेमात त्याने अडथळा होऊ नये, एवढीच मागणी असते.

यावर सक्तीचा आक्षेप घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. बेटावर मुसलमान आणि ख्रिस्ती रहिवासीही आहेत, आणि धर्माच्या नावाने रस्ता बंद करण्याचा हक्क बहुसंख्यांना असावा काय, हे आपल्या देशात तरी जपूनच बोलावे. परंतु न्येपी शुक्रवारी आली असता जवळच्या मशिदीत पायी जाऊन, ध्वनिवर्धकाविना नमाज पढण्याची तडजोड तेथे झालेली आहे. ज्याला स्वतःचा धर्म आहे त्याला वाट दिली गेली. ज्याला केवळ भाड्याचे दिवस फुकट जाण्याचे दुःख आहे, त्याची तक्रार या कोटीची नव्हे. भाडे त्याने स्कूटरचे दिले, रस्त्याचे नाही.

स्वस्तात प्रवास करणाऱ्यावर तर नेमात अडथळा न होण्याचे हे ऋण अधिक आहे. मोठ्या हॉटेलातील पाहुण्याला पडदे ओढून आत सर्व काही मिळते. पण जो एखाद्या कुटुंबाच्या वाड्यात खोली घेऊन राहतो, त्याच्या शेजारीच पर्वत आणि सूर्योदय यांच्या दिशेच्या कोपऱ्यात त्या घराचे देवालय असते, आणि यजमानाची मुले त्याच काळोखात निजलेली असतात. तेथे दिवा लावणे म्हणजे त्या घराचा नेम मोडणे होय, आणि आतिथ्य स्वीकारलेल्या माणसाला तो अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून बालीचा बेत आखणाऱ्या वाचकांना विनंती आहे की, पंचांग पाहून न्येपीचा दिवस टाळू नये. एखाद्या कुटुंबाच्या घरीच उतरावे, आदल्या दिवशी यजमानांना विचारून फळे व शिजवलेले अन्न आणून ठेवावे, आणि न्येपीच्या सकाळी सहा वाजण्यापूर्वी स्कूटर अंगणात घ्यावी.