उतारवयातील व्यायाम : आसक्ती की कर्तव्य?

गेल्या चातुर्मासातील गोष्ट आहे. पहाटेची पूजा आटोपून माझे वडील पाटावरून उठू लागले आणि त्यांना उठवेना. एक हात भुईवर, दुसरा खांबाला, अशा स्थितीत ते क्षणभर थांबले. मी धावत जाऊन त्यांना आधार दिला, तेव्हा ते हसून म्हणाले, "देवापुढून उठवत नाही, हे चांगलेच लक्षण समजायचे!" बोलणे विनोदाचे होते, परंतु त्यांच्या कपाळावरचा घाम विनोदाचा नव्हता. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनात घोळत आहे. आपल्या समाजातील बहुतेक घरी साठी ओलांडलेले कोणीतरी वडील माणूस असते. यास्तव माझ्या अल्पमतीस जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. मी शास्त्री नाही, वैद्यही नाही. शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेला एक पुजाऱ्याचा मुलगा आहे, एवढे ध्यानी घेऊन चुकभूल पोटात घालावी.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, आम्हा बडोदेकरांना व्यायामाचे वावडे कधीच नव्हते. जुम्मादादांच्या व्यायाममंदिराचे व प्रो. माणिकरावांचे नाव या शहरात कोणास ठाऊक नाही? मुजुमदारांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' १९३६ पासून याच नगरीतून प्रसिद्ध होऊ लागला. माझे वडीलही बालपणी आखाड्याच्या मातीत लोळलेले. मलखांबावरच्या उड्यांच्या गोष्टी ते आजही रंगवून सांगतात. परंतु आपल्या मनात एक समजूत खोल रुतून बसली आहे, ती ही की, व्यायाम हा तरुणांचा धर्म होय. लग्न झाले की दंड सुटतात, मुले झाली की बैठका सुटतात, आणि नातवंडे झाली की चालणेही सुटते. म्हातारपणी काय करावे? तर बसावे, जप करावा, आणि कोणी पाणी आणून दिले तर प्यावे.

त्या दिवशी मी अण्णांना म्हटले, "अण्णा, तुम्ही रोज घरच्या घरी थोडा व्यायाम सुरू करा." त्यावर त्यांनी एकामागून एक तीन उत्तरे दिली. ती तिन्ही विचार करण्याजोगी असल्यामुळे क्रमाने मांडतो.

पहिले उत्तर शास्त्राचे. ते म्हणाले, "अरे, वाग्भटाने वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे." मी निरुत्तर झालो, कारण ते खरे आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वात-पित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेला मनुष्य, यांनी व्यायाम टाळावा असे स्पष्ट म्हटले आहे. शास्त्रवचन आपल्या सोयीचे नसले म्हणजे ते झाकून ठेवणे हे लबाडीचे लक्षण होय. म्हणून मी ते झाकीत नाही. पण त्या वचनाचा आशय काय, हे पाहावयास हवे. तेथे जो व्यायाम अभिप्रेत आहे तो बलवानांचा, तूपदूध पचविणाऱ्यांचा. आणि त्यांनीही तो अर्ध्या शक्तीनेच करावा असे त्याच ठिकाणी सांगितले आहे. सुश्रुताने ही अर्धी शक्ती ओळखण्याची खूणही दिली आहे : व्यायाम करता करता श्वास तोंडावाटे येऊ लागला, की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे व थांबावे. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार पाहून व्यायाम करावा, असेही तो सांगतो. शिवाय देहास फार पीडा न देणारे जे चालणे, त्याची त्याने मुक्तकंठाने स्तुती केली आहे. त्याने आयुष्य, बळ, बुद्धी आणि जठराग्नी वाढतो, असे त्याचे मत आहे. म्हणजे निषेध आहे तो दमविणाऱ्या श्रमांचा; मापात केलेल्या हालचालीचा नव्हे.

आजच्या संशोधनाने या बाबतीत आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. १९९० मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे वृद्धनिवासातील दहा जणांवर एक प्रयोग झाला. त्यांची वये ८६ ते ९६ वर्षांची होती. आठ आठवडे जाणकारांच्या देखरेखीखाली त्यांच्या मांड्यांना वजनांचा व्यायाम दिला. ज्या नऊ जणांनी तो पुरा केला, त्यांच्या मांड्यांचे बळ सरासरीने १७४ टक्के वाढले. आणि व्यायाम बंद केल्यावर चारच आठवड्यांत त्यातील बरेचसे ओसरले. या प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. नव्वदीतल्या स्नायूलाही शिकवले तर तो शिकतो, ही एक. आणि त्याचे शिकणे साठवून ठेवता येत नाही, ते रोजच्या रोज कमवावे लागते, ही दुसरी. अर्थात तसे भारी श्रम देखरेखीवाचून घरी करू नयेत. घरी सुश्रुताचे अर्धे मापच बरे.

वडिलांचे दुसरे उत्तर वैराग्याचे होते. "हा देह जीर्ण वस्त्रासारखा. आज ना उद्या टाकावयाचाच. त्याचे एवढे कोडकौतुक कशाला?" हा दृष्टांत गीतेतला, त्यास मी काय उत्तर देणार? परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले, अण्णा आपले सोवळे धूत होते. सोवळे जुने आहे, काठाला दोन ठिकाणी शिवलेले आहे, वर्ष-सहा महिन्यांत ते टाकावेच लागेल. तरीही ते रोज धुतले जाते, पिळले जाते, सावलीत वाळवले जाते. कारण ते अंगावर आहे तोवर त्याने पूजा करावयाची आहे. मला वाटते, देहाच्या वस्त्राचाही न्याय हाच. ते टाकावयाचे आहे म्हणून मळके आणि फाटके ठेवावे, असे गीतेने कोठे सांगितलेले नाही. उलट, आहार-विहार युक्त असावा असेच तिचे सांगणे आहे. आणि देहास विनाकारण पीडा देणाऱ्यांना तिने दोषच दिला आहे. शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे कालिदासाचे वचन आपण ऊठसूट सांगतो. पण ते कोण कोणास म्हणतो, हे विसरतो. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात कठोर तप करणाऱ्या पार्वतीला बटुवेशातील शंकर ते सांगतो. म्हणजे ते पहिलवानाला दिलेले उत्तेजन नसून, देहाकडे दुर्लक्ष करणाऱ्या तपस्विनीची केलेली विचारपूस आहे.

तथापि आसक्तीची भीती खोटी नव्हे. रोज आरशापुढे उभे राहून सुरकुत्या मोजणारा, रक्तदाबाचे आकडे चार वेळा पाहणारा, मरणाचे नाव निघताच पांढराफटक पडणारा वृद्ध आपण पाहतो. त्याचा व्यायाम हा देहाचा दास्यभाव होय. मग सीमारेषा कोठे आखावी? मला सुचलेली कसोटी अशी : मिळालेले बळ मनुष्य कशासाठी खर्च करतो ते पाहावे. ज्याचे बळ पुन्हा बळ राखण्यातच खर्च होते, तो आसक्त. ज्याचे बळ नातवाला शाळेपर्यंत पोहोचविण्यात, आजारी शेजाऱ्याची विचारपूस करण्यात, स्वतःचे पाणी स्वतः घेण्यात खर्च होते, तो कर्तव्यनिष्ठ. व्यायाम तोच; हेतूने त्याची जात बदलते.

तिसरे उत्तर मात्र मला बाणासारखे लागले. मी दोन-तीन दिवस तोच आग्रह धरल्यावर अण्णा शांतपणे म्हणाले, "खरे सांग. तुला माझी प्रकृती हवी आहे, की तुझी सुटका?"

मी काही बोललो नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर विचार केला, तेव्हा कबूल करावे लागले की त्यांचा नेम अचूक होता. अण्णांचे गुडघे थकले तर पहाटे साडेचारची पूजा माझ्याकडे येणार. त्यांना उठवावे-बसवावे लागले तर ते मला करावे लागणार. माझी नोकरी, माझी झोप, माझे मित्र यांत अडथळा येणार. मी त्यांच्या आरोग्याची चिंता करीत होतो हे खरे. पण त्या चिंतेच्या पोटात माझ्या सोयीची चिंताही दडून बसली होती. आजकाल आपण मुले वडीलधाऱ्यांना मोठ्या उत्साहाने सांगतो, "फिरायला जा, व्यायाम करा, स्वावलंबी राहा." यातील किती शब्द प्रेमाचे आणि किती आपल्या सुटकेचे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे. वडिलांनी सशक्त राहावे ही इच्छा रास्त आहे. परंतु त्यांच्या सशक्त राहण्याने आपले सेवेचे ऋण फिटते, ही समजूत रास्त नाही.

याच ठिकाणी आणखी एक सावधगिरी हवी. व्यायामाची महती गाताना, जो आजारी पडला त्याने आळस केला असावा, असा अर्थ आपण नकळत काढतो. हा मोठा अन्याय आहे. नियमाने सूर्यनमस्कार घालणाऱ्यालाही पक्षाघात होतो, आणि पानतंबाखू खाणारा एखादा नव्वदी गाठतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांतून ते सुरू केले. त्यांच्यासारखे उदाहरण स्फूर्ती घेण्यासाठी असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला टोचण्यासाठी नसते. प्रयत्न आपल्या हाती आहे, फळ नाही, हा सिद्धांत गुडघ्यांनाही लागू आहे.

मी हे सारे अण्णांपाशी मोकळेपणाने बोललो. ते म्हणाले, "आता ऐकतो. पण तुझ्यासाठी नव्हे. देवाला नमस्कार घातल्यावर माझे मला उठता यावे, एवढ्यासाठी." याहून चांगले प्रयोजन मला सुचले नसते. पुढे वाचनात आले की भुईवर बसणे आणि आधाराशिवाय उठणे, एवढ्याच साध्या गोष्टीवरून ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांची परीक्षा केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे, ज्यांना अधिक आधार लागला त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. जी गोष्ट अण्णांनी भक्तिभावाने मागितली, तीच शरीराच्या सामर्थ्याची खूणही ठरावी, याचे मला नवल वाटले.

एक गोष्ट उघड आहे. पूर्वीच्या पुजाऱ्यास निराळा व्यायाम लागत नसे. विहिरीवरून कळशा भरणे, सहाणेवर गंध उगाळणे, गाभारा धुणे, प्रदक्षिणा घालणे, शंभरदा वाकणे आणि उठणे, यांतच सारे येत असे. आमच्या आया-आज्यांचे जातेही तसेच. पुढे नळ आला, पंप आला, गिरणी आली. श्रम गेले ते बरे झाले. त्या श्रमांत पाठी मोडल्या होत्या, हेही विसरू नये. परंतु श्रमांबरोबर हालचालही गेली. जे काम पूर्वी संसारच करवून घेत असे, ते आता आपण होऊन करावे लागते, इतकेच.

आमच्या घरी ठरलेला क्रम कोणास उपयोगी पडेल म्हणून लिहितो. भिंतीला टेकवलेल्या, न घसरणाऱ्या खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, प्रथम पाच वेळा, जमेल तसे दहा वेळा. भिंतीस तळहात लावून उभ्यानेच हलके दंड. खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे. तसेच धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहणे. याने तोल सावरतो, आणि म्हातारपणी पडणे हाच मोठा शत्रू असतो. शेवटी अंगणात किंवा देवळाभोवती, बोलता येईल इतक्या वेगाने चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये पासष्टीपुढील माणसांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल, दोन दिवस स्नायूंच्या बळाचा आणि तीन दिवस तोलाचा व्यायाम सुचविला आहे. जमत नसेल त्याने थोडे करावे. काहीच न करण्यापेक्षा थोडे बरे. हृदयविकार, चक्कर, अलीकडची शस्त्रक्रिया असेल त्याने आधी डॉक्टरांस विचारावे. छातीत दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तत्काळ थांबावे. तेथे निश्चय दाखवू नये.

आता चार महिने झाले. चमत्कार काही घडला नाही. अण्णांचे गुडघे अजून कुरकुरतात आणि थंडीत अधिक कुरकुरतात. परंतु पाटावरून उठताना खांब लागत नाही. एक हात मांडीवर ठेवला की पुरते. आणि आठवड्यातील दोन पहाटेच्या पूजा मी करू लागलो आहे, त्यांना जमत नाही म्हणून नव्हे, तर माझ्या वाट्याचे ऋण माझ्या वाट्याला असावे म्हणून. त्या दिवशी ते उशिरा उठत नाहीत. मागे बसून माझे मंत्रोच्चार सुधारतात.

वृद्धाने देहाची निगा राखावी, ती देहासाठी नव्हे. आणि मुलाने वडिलांची सेवा करावी, ती त्यांच्या दुर्बळपणाची वाट न पाहता. या दोन गोष्टी एका घरात नांदल्या, तर उतारवय हे ओझे न राहता आयुष्याची सांजवेळ ठरेल. सांजवेळेला दिवा लावतात. तो लावण्यापुरते हातपाय ज्याचे त्याला उपयोगी पडोत, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.