खोताला निदान भात तरी हवा होता

जानेवारी २०२१ मध्ये 'लँड रिपोर्ट' या अमेरिकी नियतकालिकाने जाहीर केलं, की त्या देशातल्या शेतजमिनीचा सर्वांत मोठा खासगी मालक बिल गेट्स आहे. सुमारे २ लाख ४२ हजार एकर, १८ राज्यांत पसरलेले. आपल्याकडेही ही बातमी फिरली आणि जगाचं ताट आता एका माणसाच्या हाती जाणार, असा सूर निघाला. हिशेब मात्र वेगळा आहे. अमेरिकेची शेतजमीन ८८-८९ कोटी एकरांच्या घरात आहे. गेट्सचा वाटा त्यात दहा हजारांत जेमतेम तीन. एवढ्यावर कोणी देश उपाशी ठेवू शकत नाही. तरीही त्या भीतीला मी हसणार नाही, कारण मी महाडकडचा. आमच्या भागात गावाची कणगी एका घराच्या ताब्यात असण्याचा अनुभव फार जुना नाही.

ते घर खोताचं. खोत हा मुळात सरकारसाठी सारा गोळा करणारा. त्याचं बळ तो मध्ये उभा असण्यात होतं: वर सरकार, खाली कूळ. उभ्या पिकाची अभावणी, म्हणजे उत्पन्नाचा अंदाज, त्याची माणसं करणार, खळ्यावरचा वाटा ती उचलणार. भातखाचरात अर्धेल, म्हणजे निम्मं भात खोताचं. डोंगरउतारावरच्या वरकसात तिर्धेल, म्हणजे नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा. शिवाय वेठ. पिकवणाऱ्याच्या घरात पावसाळा संपेपर्यंत किती दाणे उरतील, हे अशा रीतीने दुसऱ्याच्या ओटीवर ठरत असे.

१९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तो महाडचा म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सत्याग्रहामागे उभे राहिलेले सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे पुढे स्वतंत्र मजूर पक्षात आंबेडकरांबरोबर होते, आणि त्या पक्षाने खोतीला हात घातला, हे आपण जरा कमी सांगतो. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी हजारोंच्या संख्येने मुंबईत कौन्सिलवर चालून गेले. विधेयक काही मंजूर झालं नाही; खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडलं. पाणी आणि भात, दोन्ही कोणाच्या मर्जीवर नको, हा विचार मात्र त्याच माणसांच्या डोक्यात होता.

महाडच्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं संप चालला. शेतकऱ्यांनी खोतांची जमीन कसायचीच नाही, असं ठरवलं. लोकांनी लाकडं फोडली, हाल काढले, पण नांगर धरला नाही. १९३९ च्या कूळ कायद्याने संरक्षित कुळाला जी मान्यता दिली, तिच्यामागे या संपाचा रेटा होता. पुढे १९४८ चा कायदा आला, १ एप्रिल १९५७ रोजी कूळ मालक मानलं गेलं, आणि १९६१ मध्ये कमाल धारणेची मर्यादा आली.

आता जरा थांबून बघा: चरीचा संप चालला कशामुळे? खोताला भात हवा होता. कुळाने हात आखडला की खोताची कोठी रिकामी राहत होती. शोषणाच्या त्या नात्यातही कुळाच्या हाती एक हत्यार होतं, कारण मालकाला पिकाची गरज होती.

आजच्या मालकाला ती नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात, हायवेलगत, रायगड किल्ल्याच्या वाटेवर किंवा आंबेनळी घाटाच्या बाजूला जमीन घेणारा माणूस भातासाठी घेत नाही. तो भाव चढण्यासाठी घेतो, क्वचित फार्महाऊससाठी. त्याच्या दृष्टीने पडीक जमीन ही उत्तम जमीन. कूळ नको, गडी नको, कटकट नको. कुंपण घातलं की झालं. त्याच्याविरुद्ध तुम्ही नांगर खाली ठेवलात तर तो आभारच मानेल!

इथे गेट्स येणार नाही. आमची खाचरं हातरुमालाएवढी, सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. शंभर एकर सलग मिळवायचे तर एजंटाची हयात जायची. पण कोट्यधीश रायगडात आलेच नाहीत असंही नाही. २००५ च्या सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) कायद्यानंतर रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी उरण, पेण आणि पनवेलमधल्या ४५ गावांची जमीन मागितली गेली. शेतकरी चळवळीतली एन. डी. पाटलांसारखी माणसं रस्त्यावर आली. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं, आणि तो सेझ पुढे बारगळला. मागणारा एक होता, मोठा होता, दिसत होता. म्हणून त्याला नाही म्हणता आलं. महाड-पोलादपूरची जमीन गुंठ्यागुंठ्याने जाते, वेगवेगळ्या नावांनी जाते. मोर्चा नेणार कोणाच्या दारावर?

आणि विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. रानडुकरं आणि वानरं पीक ठेवत नाहीत. लावणीला माणसं मिळत नाहीत. जुलै २०२१ च्या पावसात तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडीला दरडी आल्या. अशा पावसात फुटलेले बांध पुन्हा घालायला घरात तरुण हात नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याचं धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे, माणशी महिन्याला पाच किलो. ते बंद करा असं म्हणणारा माणूस कधी उपाशी झोपलेला नसतो. पण त्याचा एक परिणाम मान्य करायला हवा. ज्या वाडीत पूर्वी हळवं, निमगरवं, गरवं असं जमिनीच्या पोताप्रमाणे भात पेरलं जाई, आणि वरकसात नाचणी असे, तिथे आता पोतं बाहेरून येतं. ते किती यावं आणि कधी यावं, हे वाडी ठरवत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की आपले कायदे जुन्या शत्रूसाठी बेतलेले आहेत. कमाल जमीन धारणा कायदा एका कुटुंबाकडे किती एकर हे मोजतो. त्यावर काही पिकतं का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेऊ नये, असं कूळ कायद्याचं कलम ६३ सांगतं. पैसेवाला आधी कुठेतरी तुकडा मिळवून शेतकरी होतो आणि मग मोकळा होतो. औद्योगिक वापरासाठी १९९४ च्या दुरुस्तीने वाट आणखी सैल केली. कसेल त्याची जमीन हे तत्त्व कुळाला मालक करण्यापर्यंत पोचलं. मालक झाल्यावर कसायलाच हवं, हे कायद्यात लिहिलेलं आहे, पण बाहेरच्या मालकाला ते टोचत नाही. सलग काही वर्षं मुद्दाम पड ठेवलेल्या, बाहेरच्या मालकाच्या जमिनीवर कर बसला पाहिजे, आणि तो पैसा त्याच गावच्या बांधांना आणि कुंपणांना गेला पाहिजे. ज्याचं घर मुंबईत आणि जमीन वाडवडिलांची, त्याला यातून वगळा. त्याची जमीन नाइलाजाने पडली आहे.

दिवाळीला गावी जाणाऱ्यांना एक विनंती. सातबारा आता मोबाइलवर दिसतो. आपल्या वाडीचे दहा गट नंबर काढा. वरच्या भागात मालकाचं नाव वाचा, खालच्या बारा नंबरात पिकाचं. कुठे नाव अनोळखी आणि खाली पड असेल, ती यादी करून पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावात घ्यायला लावा.